चार सुट्ट्या

तारेचे फेरे मोजत असले की वस्ताद डावा हात वर करायचे. म्हणजे गप्प बसा. मग दारात कुणीही असो. एकदा पांढऱ्या गाडीतून एक पुढारी उतरले, मागे पाच-सहा कार्यकर्ते, आणि वस्तादांचा हात वर. पुढारी बिचारे उन्हात उभे. मोजणी संपल्यावर वस्ताद म्हणाले, "बोला सायेब. एक फेरा चुकला असता तर तुमच्याच भावकीतली मोटार परत जळाली असती."

शिरूर कासारला स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान होतं. भरायच्या म्हणजे जळालेली तार काढून तांब्याची नवी गुंडाळायची. मी तिथे सहा वर्षं काम केलं. सगळं गाव त्यांना वस्ताद म्हणायचं, मीही म्हणायचो.

प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच प्रश्न, "कावून?"

गिऱ्हाईक म्हणायचं, मोटार जळाली.

"कावून जळाली?"

"ते कळत असतं तर तुमच्याकडं आलो असतो का?"

"मग बसा. पहिल्यापासून सांगा."

माणूस मोटारीपासून सुरू करून सुनेच्या माहेरापर्यंत पोचायचा. वस्ताद ऐकत राहायचे, आणि त्यातच कुठेतरी त्यांना मोटारीचा दोष सापडायचा.

आयटीआय झाल्या झाल्या त्यांनी मला कामावर घेतलं. माझे आई-वडील दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जायचे आणि घराला कुलूप लागायचं. ते पाच-सहा महिने मी वस्तादांकडेच जेवायचो. काकू विचारायच्या नाहीत, ताट वाढूनच ठेवायच्या.

एवढं सगळं असताना मला दुसरी नोकरी शोधायची काय गरज होती, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला म्हणायचो. पण आईची कंबर गेली होती. तिला पुढच्या हंगामाला कोयता धरू द्यायचा नव्हता, आणि दुकानात दोन घरं चालतील एवढं काम राहिलं नव्हतं. हे मला दिसत होतं, वस्तादांनाही दिसत असणार. बोलत कुणीच नव्हतं.

मग मी वार्निशच्या डब्यांमागे बसून मोबाईलवर अर्ज भरू लागलो. त्यांच्याच दुकानात, त्यांनीच मागवलेला चहा पीत. खोटं कशाला सांगू, लाज वाटायची. त्यांनी नुसती हाक मारली तरी मोबाईल खिशात जायचा.

पहिली मुलाखत आली तेव्हा सांगितलं, लिंबागणेशला दर्शनाला जायचंय. गणपतीच्या नावावर खोटं बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. आणि उठल्यासुटल्या कावून विचारणारा माणूस नेमका तेव्हा काहीच विचारेना. "जा की," एवढंच म्हणाले. दुसऱ्या वेळी मी मावसभावाचं लग्न काढलं, तिसऱ्या वेळी पुन्हा लिंबागणेश. दरवेळी नकार घेऊन यायचो, आणि माझं पडलेलं तोंड बघून वस्ताद समोरच्या गाड्यावरून भजी मागवायचे. चौथ्या वेळी निघालो तेव्हा म्हणाले, "चपलीवर जाऊ नको बे. बूट घाल. आन् विचारलं तेवढंच बोल."

म्हटलं, यांना कळलं.

उलगडा काकूंनी केला. परत आलो त्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "लाजतो कशाला रे? आज कुठली पोरगी बघितली? तुझे वस्ताद लई काळजीत हायेत. म्हणतेत, पोरगं इस्त्रीचा शर्ट घालून जातंय आन् तोंड पाडून येतंय, पोरीवाले न्हाई म्हणत असतील."

म्हणजे हा माणूस इतके दिवस समजत होता की मी मुली बघायला जातोय. आमच्याकडे लग्नाच्या पोरांची सध्या काय अवस्था आहे ते तुम्ही बघताच, त्यामुळे त्यांचंही काही चुकलं नाही. चुकलं माझं. तिथेच ताटावर सांगून टाकायला हवं होतं. मी मान खाली घालून हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

पुढच्या आठवड्यात सकाळी दुकानावर गेलो तर पेंटर शिडीवर चढलेला. बोर्डावर वस्तादांच्या नावाखाली माझं नाव.

"आता मालक झालास," वस्ताद म्हणाले. "बीडजवळ पालीला एक जागा बघितलीय. माणसं चांगली हायेत. एकुलती एक पोरगी हाय, बापाला ती लांब द्यायची न्हाई. मी शब्द दिलाय, आमचं पोरगं कुठं जायचं न्हाई म्हणून."

चाकणच्या कंपनीचं पत्र माझ्या मोबाईलवर येऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. मी म्हणालो, "बघू वस्ताद." त्यांनी तो होकार धरला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सांगितलं एकदाचं. वस्ताद एका मोटारीचं झाकण बसवत होते. हात थांबला.

"मग त्या चार येळा?"

"मुलाखतीला गेलतो."

त्यांनी झाकण काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तुझ्या आदी दोघं गेले पुण्याकडं. दोघांलाबी मी गाडीत बसवून दिलं. एकाच्या सायबाला तर मीच फोन केलता, पोराचा हात लई साफ हाय म्हणून. तुझ्यासाठी नसता केला का?"

आईचं सांगितलं असतं तर त्यांना ते लगेच पटलं असतं. तेवढंही तोंडातून निघालं नाही. पालीचं काय, हे विचारायची तर हिंमतच नव्हती. दुसऱ्या दिवशी स्टँडवर ते आले नाहीत. काकू आल्या, भाकरी बांधून घेऊन.

नोकरी वाईट निघाली असती तर निदान शिक्षा झाल्यासारखं वाटलं असतं. नोकरी चांगली आहे. आईचा कोयता सुटला, ती आणि वडील माझ्याजवळच असतात. मी अधूनमधून फोन करायचो. वस्ताद आईची तब्येत विचारायचे, कंपनीतल्या मोटारी केवढ्या असतात ते विचारायचे. पालीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. दहाव्याला मी शिरूरला गेलो होतो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मला निरखून म्हणाले, "दुकानात हुते ते तुमीच ना? मी पालीचा. आमच्या पोरीचं तुमच्यासाठी चाललं हुतं."

मी उठायला बघितलं. ते मात्र शांतपणे सांगत होते.

"तुमी गेल्यावर दोन दिवसांनी वस्ताद आलते. भर उन्हाचं, एसटीनं. दारातच उभे राहिले. म्हणले, पोराची काई चूक न्हाई, त्यानं हो म्हणलंच न्हवतं, मीच माझ्या मनानं शब्द दिला. लई आग्रह केला, पण चहासुद्धा घेतला न्हाई. पोरीचं पुढं चांगलं झालं, बीडलाच दिली. पण वस्ताद त्यानंतर आमच्या गावात पुन्हा आले न्हाईत. एवढा मापात बोलणारा माणूस, पोराला न विचारता शब्द कसा देऊन बसला, त्याचं मला अजून नवल वाटतं."

ते माझ्याकडे बघत थांबले. खरं काय ते सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती.

मी म्हणालो, "वय झालं होतं त्यांचं."