खिळ्यावरचा बॅज

निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची पोस्टिंग एका इंजिनिअर वर्कशॉपमध्ये होती. तेथे लष्करी पुलांच्या लोखंडी जोडांचे वेल्डिंग गॅमा किरणांनी तपासले जाई. मी हवालदार. बॅजचे रजिस्टर माझ्याकडे होते. हा बॅज छातीवर लावतात. तो किरण अडवत नाही. अंगावर किती पडले, तेवढे नोंदवतो. आकडा वाढला की जवानाला कामावरून काढून लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, बसवत. म्हणून आमच्यात एक वाईट रिवाज पडला होता. अवघड कामाआधी बॅज स्टोअरमधल्या खिळ्यावर टांगायचा.

त्या दिवशी सकाळी दहा चाळीसला सोर्स, म्हणजे किरण सोडणारी बारीक गोळी, शिशाच्या पेटीत परत गेली नाही. मी सर्वांना धोक्याच्या हद्दीच्या दोरीबाहेर काढले आणि वायरलेस सेटवर वरच्या साहेबांना कळवले.

"सोर्स बाहेर अडकला. ओव्हर."

"एकच माणूस पाठवा. हँडल फिरवून पाहा. वेळ मोजा. ओव्हर."

दिंद्रुडचा नाईक भीमराव पुढे झाला. बॅज काढून त्याने माझ्यासमोर धरला.

"लाव तो," मी म्हणालो.

"कावून? लंगरात कांदे चिरायला बसवता का मला, हवालदारसाब? टांगा खिळ्यावर."

मी टांगला.

चार मिनिटे तो गोळी आत ओढणारे हँडल मागेपुढे फिरवत होता. गोळी आत गेली, किरण मोजणाऱ्या मीटरची सुई खाली आली. संध्याकाळी तो व्हॉलीबॉल खेळला. पुढे बॅजचा अहवाल आला: शून्य. "बॅज अंगावर होता" या ओळीखाली मी सही केली.

थोड्या मात्रेच्या किरणांची खूण त्याच दिवशी दिसत नाही. शरीर बरीच हानी भरून काढते. उरते ती पुढील आयुष्यात कर्करोगाची किंचित वाढलेली शक्यता. ती कोणाच्या वाट्याला येईल, हे सांगता येत नाही. म्हणूनच नोंद खरी हवी. तिच्यावरून पुढच्या तपासण्या ठरतात.

माझ्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी भीमराव रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच्या पत्नीने, प्रमिलावहिनींनी, त्याच्या बॅजची नोंद मागवली. मी माझ्या गावाहून, नेकनूरहून, दिंद्रुडला गेलो, तेव्हा उत्तराचा कागद त्यांच्या हातात होता.

"भाऊजी, यात शून्य हाय. मग ते तिथं गेलेच न्हाईत का?"

मी त्याच दिवशी रेकॉर्ड ऑफिसला फोन केला.

"आजार किरणांमुळेच झाला, हे सिद्ध कराल?" तिकडच्या अधिकाऱ्यांनी विचारले.

"नाही, साहेब. ते कोणालाच जमणार नाही. शून्य खोटे आहे, एवढे सिद्ध करतो. खालची सही माझी आहे."

"तुम्हीच अडकाल."

"अडकतो. पण ज्यांचे बॅज त्या खिळ्यावर असत, त्यातले चौघे अजून जिवंत आहेत. त्यांना तपासणीला बोलवा."

नोंद अद्याप बदललेली नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला नेकनूरच्या पोस्टातून रजिस्टर्ड पत्र पाठवतो. ती बदलेपर्यंत पाठवणार. मजकूर तोच असतो:

नाईक भीमराव दहा चाळीस ते दहा चव्वेचाळीस सोर्सच्या हँडलवर हजर होते. बॅज खिळ्यावर होता. तो मी टांगला होता.