डच गावातली गिरणी

बाबा अमेरिकेला एकदाच आले, आई वारल्यानंतरच्या वर्षी. आम्ही तेव्हा शिकागोजवळ राहत होतो. नवरा आणि मी दिवसभर लॅपटॉपसमोर, मुलगी शाळेत. बाबा खिडकीशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. मे महिन्यात लाँग वीकेंड आला तशी मी कॅम्पसाइट बुक केली. मिशिगन सरोवराच्या पलीकडच्या काठाला डच लोकांनी वसवलेलं एक जुनं गाव आहे, तिथे.

तंबू ठोकताना बाबा म्हणाले, चांगलं घर सोडून कापडाखाली का झोपायचं ते त्यांना कळत नाही. पण सगळ्यांत घट्ट खुंट्या त्यांनीच ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी गाव पाहिलं. विटांची घरं, लाकडी बूट कोरणारा कारागीर, संपत आलेले ट्यूलिप. बाबा मान डोलवत मागे मागे येत होते. शेवटी पवनचक्की. हॉलंडहून सुटे भाग करून आणलेली, इथे पुन्हा जोडलेली आणि अजून दळण दळणारी. जिने चढून वर गेलो. वारा चांगला होता, दगड फिरत होते. बाबा थबकले.

तालुक्याच्या गावी त्यांनी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली होती. विकल्यावर तिचा विषय कधी काढला नव्हता. त्यांनी वाकून पडतं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, आणि चक्की चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सरळ मराठीत सांगितलं, "दगड टाकीला आलेत."

तो माझ्याकडे बघायला लागला. मला इंग्रजी शब्द सुचेना. माझ्या दहा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "आजोबा, टाकी म्हणजे टँक ना?"

बाबा हसले. एका मुठीत छिन्नी, दुसरीत हातोडी धरल्यासारखं करून त्यांनी तिला समजावलं: दगड गुळगुळीत झाले की खाचा पुन्हा पाडायच्या. तिनं ते इंग्रजीत सांगितलं. म्हातारा म्हणाला, येत्या आठवड्यात तेच काम काढणार आहे. त्यानं आपली छिन्नी आणून दाखवली. बाबांनी अंगठ्यावर तिची धार पाहिली. तासभर दोघं बोलत राहिले. एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करत होती.

निघताना त्यानं पिठाची पिशवी दिली. संध्याकाळी तंबूपुढे बाबांनी स्वतः कणीक मळली. पोळ्या जाडजूड झाल्या, लोणच्याशी खाल्ल्या. बाबा गिरणीबद्दल बोलत होते. दिवाळीआधीची रांग, डब्यांवर खडूनं लिहिलेली नावं.

"तुझ्या आईला गिरणी बंद असलेली आवडायची नाही," ते म्हणाले. "घर मुकं झाल्यासारखं वाटतं म्हणायची."

मला हे माहीत नव्हतं. मला शाळेतून न्यायला ते पिठानं पांढरे होऊन यायचे, तेव्हा मी दोन पावलं मागे चालायचे. त्या संध्याकाळी ते सांगून टाकावंसं वाटलं. सांगितलं नाही.

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले आणि तीन वर्षांनी वारले. मुलगी आता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "आई, आजोबांची गिरणी एक्झॅक्टली कुठे होती?" तिला डिसेंबरात जाऊन बघायची आहे. मी म्हटलं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. ती म्हणाली, तरी जाऊ या.