मामांची मांडी

मांडीवर मूल झोपलं की डब्लिनचे मामा उठत नसत. हॉल रिकामा होई, घडीच्या खुर्च्या खडखडत भिंतीला लागत, उरलेला मसालेभात डब्यांत भरला जाई आणि मामा आपले तिथेच, एखादं नुकतंच गोटा झालेलं डोकं कोपरावर घेऊन बसलेले. "मामा, द्या इकडे, पाय अवघडेल," असं कुणी म्हणालं, की हलकेच म्हणत, "अवघडू दे. पाय परत येतो. मोडलेली झोप येत नाही."

हे डब्लिन ओहायोतलं. माझी बहीण मीना तिथे राहते. मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून क्वचितच जायचो, त्यामुळे आठवणीत ते गाव नीट जागं होतच नाही. खिडकीबाहेर बर्फ पडत असतो, अगदी जुलैतल्या बारशालासुद्धा, आणि त्या पांढऱ्या उजेडात मामा बसलेले असतात.

खरं तर ते कुणाचेच मामा नव्हते. विम्याच्या कंपनीत नोकरी, एकटा जीव, पाठीला बहीण नाही. पण तिथल्या मराठी घरांत मुलं जन्मत होती आणि त्यांचे मामा पुण्या-नागपुरात व्हिसाची वाट पाहत बसलेले. जावळाला मांडी कुणाची? कान टोचताना डोकं कोण धरणार? एकदा शेजारच्या घरी गुरुजींनी "मुलाचे मामा?" असं विचारलं, सगळे एकमेकांकडे पाहू लागले, आणि यांनी वर्गात करावा तसा हात वर केला. तो पुन्हा खाली आलाच नाही.

गार्गी माझी भाची. तिचा खरा मामा मी, आणि मला व्हिसाची अडचण नव्हती. विमानाचं एक तिकीट, एवढंच काय ते अंतर. जावळाच्या दिवशी मीनानं फोन उघडाच ठेवला होता. "दादा, ऐकतोयस ना? रडतेय बघ कशी!" कंपनीच्या शटलमध्ये बसून मी ऐकत होतो. रडणं हळूहळू ओसरलं आणि त्याच्याखाली कुणीतरी पुरुष गुणगुणत होता. ते गुणगुणणं मला अजून अर्धवट झोपेत ऐकू येतं.

मी गेलोच, तर मामा दारातच म्हणत, "या, खरे मामा! खोट्यानं तुमची खुर्ची गरम ठेवलीय." सगळे हसत. मीही हसायचो. मनात मात्र काहीतरी कुरतडत राहायचं.

गार्गी कॉलेजात मानववंशशास्त्र शिकायला लागली. एका दिवाळीला चकली मोडत म्हणाली, "मामा, देअर्स अ वर्ड. एनेट. आईच्या साइडचे रिलेटिव्ह्ज. कुणी वापरत नाही."

"म्हणजे आजोळचे," मामा म्हणाले. "मग मी बसतो का गं त्यात?"

"टेक्निकली, नो."

"आणि हे?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"येस, ही डझ."

मामा मनापासून हसले. चकलीचा शेवटचा वेढा माझ्या ताटात ठेवत म्हणाले, "घ्या, एनेट."

गार्गीचं लग्न ठरलं तेव्हा मीनानं फोनवर विचारलं, "अंतरपाटाच्या वेळी मागे तू उभा राहशील ना, दादा? की मामांना सांगू?" त्यांनी फेटा बांधायची तयारीसुद्धा केली होती, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो, "मी येतोय ना? मग त्यांना कशाला?" एवढंच वाक्य. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मीना अजून म्हणते, तेव्हा नेटवर्क खराब होतं म्हणून फोन मध्येच तुटला. नेटवर्क खराब नव्हतं.

लग्नात गुरुजींनी पुकारलं, "मामा, मुलीला घेऊन या." मी पुढे झालो. गार्गी दारातून आली आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या रांगांकडे गेली. मीही वळून पाहिलं. मामा फेट्याशिवाय बसले होते, मांडीवर कुणाचं तरी बाळ. त्यांनी फक्त भुवया उंचावल्या, चला, पुढे व्हा, अशा. मग मी तिच्या मागे उभा राहिलो. अक्षता पडत होत्या. कुणाच्या तरी जागेवर उभं असल्यासारखे पाय नीट टेकत नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. लग्नातल्या त्या बाळाची आई मला त्यांच्या अंत्यविधीला भेटली. म्हणाली, "तेव्हा माझी पोरगी जागीच होती हो. मामांनीच मागून घेतली. म्हणाले, 'दे इकडे. आज मांडीवर काहीतरी असू दे, नाहीतर मी सवयीनं उठेन.'"

परवा गार्गीच्या मुलाचं जावळ झालं. या वेळी मी आदल्या दिवशीच पोचलो. पाटावर बसलो, रडणारं ते डोकं दोन्ही हातांत धरलं. गुणगुणायला गेलो तर सूर सापडेना. समोर बसलेल्या गार्गीनं तो उचलून दिला. आंघोळ घालून बाळाला तिनं परत माझ्याकडेच आणलं आणि ते झोपलं.

आता खुर्च्या घडी होताहेत. बाहेर खरोखरच बर्फ पडतोय. मीना दोनदा येऊन गेली. "दादा, दे इकडे. तुझा गुडघा दुखतो ना?"

दुखतोय. उजवा पाय तर केव्हाच गेलाय.

"येईल परत," मी म्हणालो.