अज्ञात इसम

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या वसंतात तीन महिने आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, आर्नहेमला राहिले. सामानात दोन स्वेटर, शेंगदाण्याची चटणी आणि एक छोटी बुद्धमूर्ती होती. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला बैठकीच्या खोलीत वंदना सुरू झाली. मी शेजारी बसायचो, माझी चौदा वर्षांची मुलगी पायजम्यातच येऊन बसायची. पंचशील म्हणताना पहिल्या शीलाशी, जीवहिंसा करणार नाही या शब्दांशी, माझा आवाज खाली जायचा. अठ्ठावीस वर्षं जातोय. अण्णांना वाटायचं, सकाळचा घसा आहे.

ते परत जायच्या आत त्यांना एक गोष्ट सांगायची, हे मी त्यांचं तिकीट काढतानाच ठरवलं होतं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पुढच्या खेपेचा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता.

अण्णा वनखात्यात वनरक्षक होते. त्यांच्या बीटमध्ये, म्हणजे राखायच्या हद्दीत, झाडं थोडी आणि माळरान फार. इतर घरांत देवाचं नाव घेतात तसा आमच्या घरात कायदा हा शब्द घेतला जायचा. आपल्याला माणूस म्हणून उभं केलं ते कायद्याने, असं ते म्हणायचे. सरपणाची मोळीसुद्धा पावतीशिवाय आमच्या घरात आली नाही.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलो होतो. एका मित्राकडे कारवानी कुत्र्यांची जोडी होती. लांब पाय, आत गेलेलं पोट, शिकारीसाठीच पाळलेली. ती सशामागे सोडणं गुन्हा आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच मानत नव्हतं.

मित्र म्हणाला, "तुझा बाप कुठल्या दिवशी कुठं असतो, तेवढं बघून सांग."

मी अण्णांची फिरतीची डायरी उघडून पाहिली. रविवारी ते बीटच्या दुसऱ्या टोकाला असणार होते.

त्या रविवारी ससा मिळाला नाही. खोकड उठलं. आपल्याकडचं खोकड, माळावरचा हा छोटा कोल्हा, केवढं, मांजरापेक्षा थोडं मोठं. दोन वेळा त्याने कुत्र्यांना वळसा देऊन चकवलं. मी ओरडत धावत होतो, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. आम्ही पोहोचलो तोवर संपलं होतं. मादी होती, दुधावर होती. आम्ही तिला तिथेच टाकून पळालो.

दुसऱ्या दिवशी ती अण्णांना सापडली. ते घरी आले आणि जेवले नाहीत. पुढचे चार दिवस ते बिळापाशी जाऊन बसत होते. पिल्लांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

माळावर पाल टाकून राहिलेल्या पारध्यांचंच हे काम, असं गावाने ठरवून टाकलं. अण्णांच्या साहेबांनीही तेच ठरवलं. पण अण्णांनी पंचनाम्यात पाहिलं तेच लिहिलं: लांब ढांगांच्या दोन कुत्र्यांचे ठसे, आणि दोन माणसांच्या बुटांचे. पालांवर तसली कुत्री नव्हती आणि बूट तर कुणाच्याच पायात नव्हते. साहेब म्हणाले, एक नाव टाक आणि प्रकरण मिटव. अण्णांनी आरोपीच्या रकान्यात लिहिलं, अज्ञात इसम. तीन महिन्यांत त्यांची बदली झाली, घरापासून दोनशे किलोमीटरवर. सहा वर्षं ते तिकडे एकटे हाताने भाकरी थापून खात होते.

बुटांची एक जोडी माझी होती. ती अण्णांनीच मला कॉलेजसाठी घेऊन दिली होती.

तर, तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने हट्टाने एक कुत्री घरी आणली. स्पेनमध्ये सशांमागे सोडतात आणि हंगाम संपला की टाकून देतात, त्या जातीची. इथे बरेच जण अशी कुत्री सांभाळायला घेतात. ती दारात येऊन उभी राहिली. तेच पाय, तेच पोट.  कुत्रीला फिरवायचं काम मी मागून घेतलं. एका दिवसाचाही खाडा केला नाही.

अण्णा तिला बघून म्हणाले, "ही तर कारवानी."

"नाही अण्णा, स्पेनची आहे."

"मग चुलत बहीण असेल."

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघं आणि कुत्री शहराच्या उत्तरेला माळावर गेलो. सुरुवातीलाच पाटी आहे. अण्णांनी नातीला विचारलं, "काय लिहिलंय?"

"डॉग्ज पट्ट्यावर. बर्ड्सची अंडी असतात खाली, आजोबा."

अर्ध्या तासाने, कुणी दिसत नाही असं पाहून, मी म्हणालो, "अण्णा, हिचं पळणं बघायचंय?"

"आणि पाटी?"

"एवढ्या सकाळी कोण येतंय."

मी पट्ट्याचा हूक काढला.  आपल्या घरातली देखणी गोष्ट वडिलांना दाखवायची, एवढंच डोक्यात होतं. कुत्री सुटली, आणि शंभर पावलांवर झुडपातून कोल्हा उठला.

तिला हाका मारत मी धावलो. माझा तोच आवाज, तीच धाव. मुलगी किंचाळत होती. कोल्हा तारेच्या कुंपणाखालून काटेरी जाळीत शिरला आणि कुत्री नाक खरचटून परत आली. धापा टाकत अण्णा एवढंच म्हणाले, "वाचलं. शेपटीचं टोक पांढरं होतं बघ. आपल्याकडे काळं असतं."

तेवढ्यात सायकलवरून वनरक्षक आली. पन्नाशीची बाई, हिरवी वर्दी. तिने सगळं पाहिलं नव्हतं, ओरडणं ऐकलं होतं. मी डचमध्ये सांगितलं की पट्ट्याचा हूक निसटला आणि कुत्री कोल्ह्यामागे गेली. ती म्हणाली, कोल्हे इथेही बंदुकीने मारले जातात, पक्ष्यांची अंडी वाचवायला. पण त्याला परवाना लागतो, आणि असल्या लांब पायांच्या कुत्र्यांना तर शिकारीत बंदीच आहे. हूक बदलून घ्या, एवढं बजावून ती निघाली.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "बाबा, हूक निसटला नव्हता. यू ओपन्ड इट."

अण्णांना डच येत नाही, पण एवढं त्यांना कळलं. "तिला काय सांगितलंस तू?"

मी सांगितलं. ते बुटाने वाळू सारखी करत उभे राहिले. मी त्या बाईच्या मागे धावलो, हाक मारून थांबवलं आणि म्हणालो, हूक मी काढला. तिने दंडाची पावती लिहायला घेतली. लिहिता लिहिता विचारलं, "मी तर निघाले होते. परत का आलात?"

"माझे वडील वनरक्षक होते."

पावती माझ्या हातात देऊन ती सायकल ढकलत अण्णांपर्यंत आली आणि तिने हात पुढे केला. अण्णांनी आधी पाठ ताठ करून सलाम ठोकला, मग हात मिळवला. माझी मुलगी हसली. माझा ऊर भरून आला होता, आणि त्याच वेळी तोंड लपवावंसं वाटत होतं.

परतताना मी त्या बाईचं बोलणं मराठीत सांगितलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "बंदुकीला परवाना आणि कुत्र्याला बंदी. बरोबर आहे. बंदूक माणूस खाली करू शकतो. कुत्रं सोडलं की माणसाच्या हातात काही राहत नाही."

"अण्णा, घरी गेल्यावर मला बोलायचंय."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा निवत असताना, मी सगळं सांगितलं. मुलीला बाहेर पाठवलं नाही. अण्णा माझ्याकडे न बघता ऐकत होते. मी थांबल्यावर ते उठून जातील असं मला वाटलं.

"कागद आण," ते म्हणाले. "आखीव असला तर बरा."

मुलीने शाळेच्या वहीतला कागद दिला. अण्णांनी चष्मा लावून नातीला म्हटलं, "आणि तू पंच म्हणून बस."

"पंच म्हणजे?"

"साक्षीदार. मराठी वाचता येतं का?"

"हळूहळू."

"मग शेवटी मी वाचून दाखवीन. समजल्याशिवाय सही करायची नाही."

त्यांनी माझा जबाब घेतला. ठिकाण, वार, वेळ, वारा कुठून होता, कुत्री किती. मी म्हणालो, मित्राचं नाव सांगतो. "त्याचा जबाब तो देईल. तू तुझं बोल." मग विचारलं, "मी कुठे असेन, हे कसं कळलं?"

"तुमची डायरी उघडली."

पेन थांबलं. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. खोकडापेक्षा, बदलीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं. मुलगी हळूच त्यांच्या कोपराला टेकली.

"लिहितो," ते म्हणाले, आणि लिहिलं.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, वय लहान होतं असंही म्हणाले नाहीत. तसं म्हणाले असते तर मला ते खोटं वाटलं असतं. अठ्ठावीस वर्षं मला भीती होती ती त्यांच्या रागाची. समोर बसला होता तो मात्र एक वनरक्षक, ज्याने साहेबाचा धाक असूनही निरपराध माणसाचं नाव लिहिलं नाही आणि आता पोटच्या मुलाचंही गाळत नव्हता. इतक्या जवळून मी त्यांना कामावर असताना कधीच पाहिलं नव्हतं. शरमेने खाली गेलेली माझी मान त्या अभिमानाने वर आली.

जबाब वाचून झाला. मुलीने अडलेले दोन शब्द विचारले आणि मगच सही केली. अण्णांनी कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. वर जागा मोकळी सोडली होती. तिथे त्यांनी लिहिलं, इसमाचे नाव, आणि माझं नाव घातलं. खाली लिहिलं, वडिलांचे नाव.

आणि त्यापुढे, तितक्याच वळणदार अक्षरात, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.