आबांच्या खोलीवरचं ऊन

गेल्या वैशाखात माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, गावी असोद्याला ऊन लागलं. शेतात नाही, घरात. पत्र्याखालच्या खाटेवर, डोक्यावर पंखा फिरत असताना. दवाखान्यातून सुटल्यावर भाऊ त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथे पाचव्या मजल्यावर आबांचं बोलणंच बंद झालं. ताट पुढे आलं की जेवायचे, टीव्ही लावला की बघायचे. थंडी पडल्यावर गावी परतले आणि स्टँडवर भेटलेल्या पहिल्याच माणसाला त्यांनी केळीचा भाव विचारला. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, यांना पुन्हा तिकडे पाठवायचं नाही.

भावाचंही काही खोटं नव्हतं. असा आणखी एक उन्हाळा आबांना झेपणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. बरीच भांडाभांडी होऊन शेवटी आमच्यात ठरलं की मी असोद्याच्या घरातली एक खोली गार ठेवून दाखवायची. मे महिन्यात भाऊ येणार, भर दुपारी स्वतः त्या खोलीत बसून बघणार, आणि पटलं नाही तर आबांना गाडीत बसवून नेणार.

गार खोल्या हा तसा माझा धंदाच आहे. जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर खोल्या बांधते. भिंत केवढी जाड, स्लॅब किती तापणार, ऊन कधी कुठून येणार, हे सगळं गणितात घालायचं आणि आतल्या माणसाला किती उकडेल ते आधीच बघून घ्यायचं. अशा ढीगभर खोल्या मी बांधल्या, पण त्यात राहायला कधी कुणी आलं नव्हतं. आबा पहिलेच. मागच्या खोलीच्या स्लॅबवर सोलर पॅनल बसवले, खाली पाण्याची टाकी ठेवली. उन्हाच्या विजेवर मशीन टाकीतलं पाणी गार करणार आणि तेच पाणी नळ्यांतून खोलीभर फिरणार. सकाळचं ऊन वाया गेलं की दुपार आणि रात्र दोन्ही हातच्या गेल्या, इतकं ते सरळ होतं.

पॅनल किती वीज देतात आणि खोली किती तापते ते मला कॉलेजात बसून मोबाइलवर दिसायचं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कॉम्प्युटरने सांगितलेलं आणि खोलीत घडणारं अगदी जुळत होतं. आखाजी झाली आणि बिनसलं. सकाळी ऊन चढू लागलं की विजेची रेघ खाली बसायची, ती दुपारच्या जेवणानंतर एकदम उठायची. तोवर टाकीतलं पाणी कोमट. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मी असोद्याला जायची, तर आबा घामाने निथळत बसलेले. “बरं आहे वं, काही नही होत मले,” म्हणायचे. त्यांचं ते बरं आहे ऐकून मला रडू यायचं.

मी सगळं तपासलं. वायरी बघितल्या, शेजारच्या निंबाची सावली मोजली. ढगाचाही विचार केला, पण रोज ठरल्या वेळी येणारा आणि ठरल्या वेळी जाणारा ढग जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात कुणी पाहिलाय? मग राहिली धूळ. कॉम्प्युटरमध्ये मी धूळ वाढवत गेले, इतकी की तेवढी खरोखर बसली असती तर पॅनलवर हरभरा पेरता आला असता. तरी जुळेना. आणि एका संध्याकाळी शिडी लावून वर गेले तर काचा आरशासारख्या लख्ख. माझं गणितच मुळात चुकलं असणार, असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात भावाचा फोन आला, शनिवारी येतोय.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि सकाळच्या बसने गाव गाठलं. स्लॅबवरून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. वर चढले आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवरच थांबले. एकाही पॅनलची काच दिसत नव्हती. सगळ्यांवर जुनी धोतरं आणि लुगडी ओली करून अंथरलेली, आणि त्यांवर बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, थापलेले. गल्लीतल्या चौघी-पाचजणी कामाला लागल्या होत्या आणि मधोमध अक्का. ही आबांची मोठी बहीण. साक्रीकडे दिलेली, नवरा गेल्यावर भावाजवळ येऊन राहिली, पण बोली अजून तिकडचीच.

“अक्का, हे काय?”

“बिबडा,” अक्का म्हणाली. “अठे ऊन चांगलं लागस. अन् तुन्हं काम भी व्हस.”

“माझं कोणतं काम?”

“तुन्ही काच कितली तापस! खाले मन्हा भाऊ झोपस. म्हनीसन मी रोज वल्लं फडकं टाकस.”

आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्यावर ओली पोती टाकतात, घर गार राहावं म्हणून. अक्काने तेच केलं होतं. बिबडे वाळून निघाले की दुपारी काचा पुसूनसुद्धा ठेवायची. मी तिथेच कठड्यावर बसून पोट धरून हसले. जीव असा भांड्यात पडला की काय सांगू! गणित बरोबर होतं. खोली बरोबर होती. मग मी अक्काला सांगितलं की या काचेवर ऊन पडलं तरच खाली गार होतं, ऊन हेच तिचं खाणं. अक्काला ते पटलं नाही. “उनवर गार?” असं म्हणून तिने बायकांकडे बघितलं. पण आबांच्या बाबतीत तिला धोका पत्करायचा नव्हता. तिने स्वतः पहिलं धोतर बिबड्यांसकट उचललं आणि शेजारच्या गच्चीवर नेलं.

शनिवारी दुपारी भाऊ आला तेव्हा गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आबांनी सकाळीच आपली पिशवी भरून दाराशी ठेवली होती, मला न विचारता. भाऊ थेट मागच्या खोलीत गेला, आबांच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून बसला. आबा भिंतीकडे बघत होते. थोड्या वेळाने भाऊ आडवा झाला, म्हणाला, “जरा बघतो कसं वाटतं ते.” पुण्याहून गाडी चालवत आलेला, बघता बघता घोरायला लागला.

आबा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग खाटेवरून वाकून त्याच्या दंडाला हात लावून पाहिला आणि मला हळूच म्हणाले, “त्याच्या अंगावर काही तरी टाक वं. गारठीन तो.”