मखमलचं घड्याळ

दुकानात त्याला सगळे मखमल म्हणत. नाव चिकटलं ते जिभेमुळे. महागड्या घड्याळांच्या त्या चकचकीत दुकानात पांढरे हातमोजे घालून तो असं काही बोलायचा, की गिऱ्हाईक आपणहून खिसा उलटा करायचं. नकली माल ओळखण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "साहेब, नकली घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, पण माणूस चुकीचा दाखवतं," हे त्याचं लाडकं वाक्य.

स्वतःचं मनगट मात्र एकोणीस वर्षं उघडं. सासरी गेला की सासरे मुद्दाम विचारायचे, "काय जावईबापू, किती वाजले?" त्यानं मोबाईल काढला की साडू खो खो हसायचा.

शेवटी त्यानं ऑनलाइन नकली मागवलं. आंधळेपणानं नाही हं. पारखी माणूस फसतोसुद्धा पारखून. साठ फोटो मागवले, सेकंदकाटा कसा सरकतो त्याचा व्हिडिओ मागवला, 'माल परत घेतला जाणार नाही' ही ओळही वाचली. घड्याळ आलं ते कुणाच्या तरी मोज्यात गुंडाळून. पण वजन बरोबर, काटा तेलावरून घसरावा तसा. भिंग लावूनही खोट सापडेना. पाठचं झाकण तेवढं त्यानं उघडलं नाही. बाहेरून इतकं खरं निघाल्यावर आत डोकवायची छाती झाली नाही.

रविवारी सासरी मनगट पुढे केलं. "शेठनी दिलं, एकोणीस वर्षांच्या इमानदारीबद्दल." साडूचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

इथवर झकास होतं. पण सासरे जुन्या वळणाचे. जावयाचा एवढा मान ठेवणाऱ्या माणसाचे आभार नकोत मानायला? सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते थेट दुकानात हजर. मखमलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेठ, फार मोठं घड्याळ दिलंत आमच्या जावयाला."

"मी?" शेठ म्हणाले. "कुठलं घड्याळ?"

कामावर येताना मखमलनं कामगारांच्या कप्प्यात ठेवलेलं ते घड्याळ आणलं गेलं. शेठनी ते उलटंसुलटं पाहिलं. "एवढं महागाचं? कुणाचं चोरलंस?"

खांद्यावरचा हात निघाला.

"नकली आहे, शेठ." मखमलचा आवाज पहिल्यांदाच खरखरीत निघाला.

"मग दाखव ना. गिऱ्हाइकाला दाखवतोस तसं सासऱ्यांना दाखव."

त्यानं हातमोजे चढवले, डोळ्याला भिंग लावलं. काटे बघितले, काच बघितली, पट्टा बघितला. कुठेच काही नाही. जी खोट सापडू नये म्हणून देवाला विनवलं होतं, तीच आता घाम पुसत शोधायची वेळ आली.

"लवकर," शेठ म्हणाले. "नाहीतर पोलिसांना बोलावतो."

शेवटी त्यानं पाठचं झाकण उघडलं. आतलं यंत्र चक्क गोंदाच्या थेंबावर चिकटवलेलं.

"सापडलं!" तो ओरडला. लॉटरी लागल्यासारखा. "मामा, हे बघा, गोंद!"

सासऱ्यांनी भिंगाकडे पाहिलंही नाही. "किती वाजले, जावईबापू?" एवढंच विचारलं आणि उत्तराला न थांबता पायऱ्या उतरले.

शेठनी त्याला काढून टाकलं नाही. काढलं असतं तर सुटला असता. ते घड्याळ आता झाकण उघडं ठेवून काउंटरवर मांडलंय, गिऱ्हाइकांना नकली माल कळावा म्हणून. गोंद बघून कुणीतरी हमखास विचारतंच, "कुठल्या गाढवानं घेतलं होतं हो हे?"

शेठ गल्ल्यावरून मान वर करून ऐकत असतात.

"मीच तो, साहेब," मखमल गोड हसून सांगतो.

तेव्हापासून खरा माल जास्त खपतो म्हणे.