सहा नंबरची रिकामी जागा

आमच्या कारखान्याच्या फुटबॉल टीमला नव्वदच्या दशकात तीनच चाहते उरले होते, आणि त्या तिघांतला एकही समोरची मॅच बघायचा नाही. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी, म्हणून दुपारी कॉलनीच्या ग्राउंडवर लीगची मॅच असायची. समोर बावीस पोरं धुळीत लोळतायत, आपला गोली दोन गोल खाऊन तिसऱ्याची वाट बघतोय, आणि हे तिघं दगडी पायऱ्यांवर उकडलेल्या शेंगा सोलत पंचवीस वर्षांपूर्वीची मॅच खेळतायत. "आता स्कोअर काय झाला?" असं मी एकदा विचारलं, तर तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी वावगं बोलले.

तिघांचे पुढारी म्हणजे रिटायर झालेले फोरमन. सगळी कॉलनी त्यांना अण्णा म्हणायची. त्यांच्या खालोखाल टाइम ऑफिसातले क्लार्क आणि कॅन्टीनचे आचारी. ह्यांचा लाडका म्हणजे जुना सेंटर फॉरवर्ड. त्यानं कधीतरी लांबून एक गोल मारला होता. मी शाळेत होते तेव्हा तो गोल वीस यार्डांवरून मारलेला होता. मी नोकरीला लागले तोवर तो पंचेचाळीस यार्डांवर गेला, त्यात अनवाणी पाय आले, अंगात ताप आला, आणि आचाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे बॉल जाळी फाडून पलीकडच्या झाडावर गेला नि एक कावळा खाली पडला. कावळ्याबद्दल कुणी शंका घेतली नाही. क्लार्क तर डोळे पुसायचे. ह्याच क्लार्कनी, तो सेंटर फॉरवर्ड स्टोअरमध्ये नोकरीला असताना, तीन मिनिटं उशीर झाला म्हणून त्याचा अर्धा दिवस कापला होता. माणूस गावी निघून गेल्यावर त्याच्यावर प्रेम करायला काही अडचण नसते.

चौथे माझे अप्पा; कारखान्यात सगळे त्यांना राव म्हणायचे. ते नुसते चाहते नव्हते, त्याच जुन्या टीमचे लेफ्ट हाफ होते. बेळगावकडून फुटबॉलच्या जोरावर ह्या कारखान्यात चिकटले आणि महादेवपुऱ्याच्या अलीकडे कॉलनीत क्वार्टर मिळवून कायमचे इथलेच झाले. गुडघा गेल्यापासून त्यांना पायी चालवत नसे, म्हणून दर शनिवारी मी त्यांना मोपेडवर बसवून ग्राउंडवर न्यायची. ते पायरीच्या टोकाला बसायचे. शेंगा आल्या की घ्यायचे, टरफलं कागदात गुंडाळून ठेवायचे, आणि ऐकायचे.

काय ऐकायचे ते मला लवकर कळलं. त्या तिघांच्या तोंडाचा पट्टा सुटला की गोली यायचा, दोन्ही बॅक यायचे, राइट हाफ, सेंटर हाफ, पुढचे पाचही जण यायचे. राखीव खेळाडू यायचा. टीमला लिंबू कापून देणारा म्हातारासुद्धा यायचा, त्याच्या मिशांसकट. लेफ्ट हाफ यायचा नाही. राइट हाफचं झालं की अप्पा जरा सरसावून बसत, शेंग हातातच राही, आणि गाडी सेंटर हाफवरून थेट फॉरवर्डवर जाई. मग अप्पा ती शेंग खात. एवढं मी वर्षानुवर्षं बघितलं. माझ्या डोक्यात तिडीक जायची. घरी आल्यावर मी आईजवळ त्या तिघांचा उद्धार करायची, आणि आई म्हणायची, "तू नुसतं नेऊन सोड नि घेऊन ये. मध्ये पडू नको."

आमच्यातली कन्नड मिसळलेली मराठी ऐकून पुण्याहून नव्यानं आलेले कंप्युटरवाले गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. पण अपमान कुठल्याही भाषेत कळतो, आणि आमच्या कारखान्यात तो वर्षातून एकदा खडूनं फळ्यावर लिहिला जायचा.

ते असं. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कारखान्यात मशिनं धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडायचे. फुटबॉल क्लबची एक खोली होती, तिथं बॉल, बूट आणि हवा भरायचा पंप पाटावर मांडून पूजा व्हायची. आणि भिंतीवर फळा. फळ्यावर अण्णा स्वतःच्या हातानं क्लबची आजवरची सर्वांत भारी टीम लिहायचे, एक ते अकरा नंबरांनिशी. लिहून झालं की फळ्यालाही हळदकुंकू लागायचं, फूल वाहायचं, आणि आचारी सगळ्यांना केसरीभात वाटायचे. नावं वर्षभर पुसायची नाहीत असा नेम. सहा नंबर लेफ्ट हाफचा. सहाच्या पुढे दरवर्षी एक आडवी रेघ.

"सहावर एकमत होत नाही," असं अण्णा पुटपुटायचे आणि सातवर जायचे. एकमत व्हायला आधी वाद व्हावा लागतो, आणि मी तरी कधी वाद ऐकला नव्हता. कावळ्यावर एकमत होतं, माझ्या बापावर नव्हतं.

अप्पा त्या दिवशी सकाळीच इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार व्हायचे. दाढी दोनदा करायचे. मोपेडवर मागे बसून एक शब्द बोलायचे नाहीत. परतताना मात्र रस्त्यातल्या खड्ड्यांवर, भाजीच्या भावावर, व्हाइटफील्डकडे उठणाऱ्या नव्या बिल्डिंगांवर अखंड बोलायचे. ते बोलणं मला सहन व्हायचं नाही.

त्यांच्या रिटायरमेंटच्या वर्षी माझा तोल गेला. पुढच्या आयुधपूजेला ते कारखान्याचे कामगार असणार नव्हते, गेटवर पास काढून आत यायला लागणार होतं. त्या दिवशी शर्ट नवा होता. खोलीत पंचवीस-तीस माणसं. अण्णांनी एक लिहिलं, दोन, तीन, चार, पाच. सहावर आले आणि रेघ मारली. अप्पांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

मी पुढे गेले, अण्णांच्या हातातला खडू घेतला आणि रेघेवरच अप्पांचं नाव लिहिलं, ठसठशीत. मग तिघांकडे वळले. "एवढी वर्षं तुमच्या शेजारी बसतायत," मी म्हणाले. "लिंबूवाल्याच्या मिशा आठवतात तुम्हाला. हा माणूस आठवत नाही? लाज वाटत नाही का?"

आचाऱ्यांच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला. क्लार्क जमिनीकडे बघायला लागले. मला वाटलं, बरी खोड मोडली.

अण्णांनी खिशातून रुमाल काढला. माझ्याकडे न बघता ते अप्पांना म्हणाले, "राव, मी पुसतो. पोरीला माहीत नाही."

"काय माहीत नाही?" मी म्हणाले.

अण्णा माझ्याकडे वळून बोलले, अगदी हळू, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं. मी दोन वर्षांची असताना आमची टीम एकदाच फायनलला पोचली होती. शेवटची पाच मिनिटं, शून्य-शून्य. समोरच्यांचा कॉर्नर. लेफ्ट हाफनं उडी मारून हेडरनं बॉल आपल्याच गोलीकडे परत दिला, आणि गोली तोवर पुढे धावून आलेला. सेल्फ गोल. कप गेला तो गेलाच, त्यानंतर टीम पुन्हा फायनलला दिसली नाही. "त्याच संध्याकाळी आम्ही तिघांनी ठरवलं," अण्णा म्हणाले. "ह्याच्यासमोर लेफ्ट हाफ हा शब्द काढायचा नाही. नाव निघालं की गोल निघणार. नाव लिहिलं की कुणीतरी विचारणार. त्याला लागेल, अम्मा. बिचारा येऊन बसतो आमच्यात."

आयुष्यभर थापांवर जगलेल्या ह्या तीन माणसांनी एकच गोष्ट तोंडात धरून ठेवली होती, आणि ती मी भर सभेत ओकायला लावली होती. घरात अप्पांचा टीमबरोबरचा फोटो होता. त्या मॅचचं काय झालं, असं मी कधी विचारलं नव्हतं. दोष द्यायला तिघं आयते मिळाल्यावर मला ती गरजच पडली नव्हती. अण्णा रुमाल घेऊन फळ्याकडे वळले.

"थांबा," अप्पा म्हणाले.

त्यांनी चष्मा परत घातला. "मला वाटायचं, तुम्ही विसरलात."

"विसरतोय?" आचारी म्हणाले. "तो गोल? राव, मी तीन दिवस सांबारात मीठ घालायचं विसरलो होतो."

"कामगारांनी संप करायचा बाकी ठेवला होता," क्लार्क म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तर काहीच म्हणायचा नाहीत," अण्णा म्हणाले. "मान खाली घालून शेंगा खायचा. आम्हाला वाटलं, अजून सलतंय."

"सलत होतं," अप्पा म्हणाले. "एवढी वर्षं इथं येतोय ते कुणीतरी एकदा म्हणावं म्हणून, की हा गाढव पण होता टीममध्ये. शिवी दिली असती तरी चाललं असतं." त्यांचा आवाज फाटला. मी माझ्या बापाला रडताना त्याआधी बघितलं नव्हतं, आणि त्या खोलीत खडू हातात धरून बघावं लागलं.

अण्णांनी रुमाल खिशात घातला. माझं अक्षर त्यांना पसंत नव्हतं, म्हणून ते नाव तळहातानं पुसून, माझ्याकडून खडू घेऊन त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिलं. मग सात, आठ, नऊ. फळ्याला हळदकुंकू लागलं. आईला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "त्या मॅचनंतर आठ दिवस घरात बोलले नव्हते. म्हणून म्हणत होते, मध्ये पडू नको." तिलाही माहीत होतं. फक्त मीच शहाणी.

पुढच्या शनिवारपासून सेंटर फॉरवर्डचे दिवस भरले. आता पायऱ्यांवर एकच गोल चालायचा. बावीस वर्षं कोंडून ठेवलेली गोष्ट ती, तिला ह्या तिघांनी काय तिखटमीठ लावलं म्हणून सांगू. पंधरवड्यात तो हेडर पेनल्टी एरियाच्या बाहेरून गेला. दिवाळीपर्यंत वारा सुटला होता. संक्रांतीला आचाऱ्यांनी शपथेवर सांगितलं की तसला हेडर समोरच्या जाळीत गेला असता तर राव देशाकडून खेळले असते. अप्पा आता टोकाला नव्हे, मधे बसायचे, आणि टरफलं खुशाल पायऱ्यांवर टाकायचे.

एका शनिवारी मी त्यांना घेऊन निघाले. समोर आमची टीम चार गोलनं हरली होती, कुणाच्या गावी नव्हतं. फाटकापाशी अप्पांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं.

"मोपेड वळव स्वल्प," ते म्हणाले. "अण्णा आज चुकलेत. बॉल सरळ आत गेला नव्हता. बारला लागून गेला होता."

मी वळवली.